ओली तूर

बायकांच्या नावावर आलेले कर्जाचे अर्ज तपासायला बँक मला पाठवते, तेव्हा मी संशय घेऊनच जातो. नाव बायकोचं आणि धंदा नवऱ्याचा, हे इतक्यांदा पाहिलंय! बदनापूरजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्येही तेच दिसत होतं. अर्ज करणाऱ्या बाईला मोठी डाळमिल घ्यायची होती, पण माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर नवरा देत होता. ती आपली खाली मान घालून सुपातली तूर निवडत होती.

मी वैतागून तिलाच म्हणालो, “ही जुनी मिल चालवून दाखवा.”

तिने एक दाणा दाताखाली धरला, चावला, थुंकला. “आज न्हाई चालवायची.”

हिला मिल चालवता येतच नसणार, असं समजून मी पेन काढलं. नवरा घाबरला. “अगं, कर्ज जाईल! साहेबांसाठी दोन मिनिटं चालू कर, जल्दी!” म्हणत तो बटणाकडे धावला. त्याच्याआधी तिने बटण हाताखाली झाकलं.

“तूर अजून ओली हाय, साहेब. दाणा कट्ट वाजला न्हाई. आज भरडली तर नुसता चेंदा होईल. गावातल्या बायांची तूर हाय ही. तुमच्या कागदासाठी त्यांचा माल नासवू का?”

तिचा हात जागचा हलला नाही. शेवटी नवराच मागे सरला.

बाहेर मोटारसायकलवर बसून मी तपासणीचा फॉर्म भरला. ‘यंत्र चालू पाहिले काय?’ यापुढे ‘नाही’ लिहिलं. ‘धंदा प्रत्यक्ष कोण चालवते?’ यापुढे तिचं नाव लिहिलं. चालती मिल पाहूनही माझी एवढी खात्री पटली नसती.