मांडे आणि समोरची शालूबाई

संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावात कोणाचंही लग्न निघालं की मांडे करायला पुष्पाबाईंनाच बोलावणं यायचं. तीस वर्षं हा रिवाज. पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत असा वाढवायच्या, की पलीकडची चूल दिसावी. मग तो तापलेल्या खापरावर अलगद टाकायच्या.

मागच्या वर्षी यजमान गेले आणि मुलानं, दीपकनं, त्यांना बुलढाण्याला फ्लॅटवर नेलं. तिथं त्यांच्या हातून चुका व्हायला लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं, दूध समोर उतू जायचं. अक्षय तृतीयेला सुनेनं, सुचितानं, वही-पेन घेऊन विचारलं, "आई, कणकीले पानी किती लागते?" ओट्याशी उभ्या पुष्पाबाई आधी एक वाटी म्हणाल्या, मग तीन. मांडा मनगटावरच फाटला.

"माह्यं डोकं गेलं वं सुचिता," म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला.

दीपक घाबरला. आई आता कधीच एकटी राहायची नाही, गावचं घर भाड्यानं द्यायचं, असं ठरलं.

भांडी बांधायला सासू-सुना गावी आल्या, तर शेजारच्या शालूबाई आपल्या ओसरीत चूल पेटवून, परात मांडून बसलेल्या. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते.

"आली काय शहरवाली? बस खाली. मांडा माह्यानं होत नाही, तुले ठाऊक हाय."

"मले काई आठोत नाही वं."

"तुले आठवाले कोनं सांगतलं? बस म्हन्तो ना!"

पुष्पाबाई एक गुडघा मुडपून चुलीपुढं बसल्या. समोर शालूबाईंनी कणीक परातीत आपटली. तो आवाज ऐकताच पुष्पाबाई म्हणाल्या, "कोल्डी हाय. दोन ओंजया पानी घाल." पुन्हा आपटली. "आता अर्धी." शालूबाईंनी गोळा पुढं केला तेव्हा पुष्पाबाईंचे हात आधीच पसरलेले होते. मांडा कोपरापर्यंत सरकत गेला, आणि हात चालले तशी जीभही चालली. कोणाच्या लग्नात किती गहू भिजवले होते, कोणती विहीण रुसली होती, सगळं.

सुचितानं हळूच विचारलं, "आई, ओंजय कोनाची?"

"शालूचीच. पानी मी कधी घातलंच नाही. मी सांगो, थे घाले."

सुचिता अंगणात गेली आणि फोनवर दीपकला म्हणाली, "भाडेकरूले नाही म्हना. आईंचं डोकं जाग्यावर हाय. अर्धं शालूमावशीपाशी होतं, ते आपन मांगं ठेवून गेलतो."

हे ओसरीत ऐकू आलं. पुष्पाबाईंनी शालूबाईंचा पिठानं माखलेला हात घट्ट धरला.

"लय उपकार झाले वं तुहे."

"हात सोड वं," शालूबाई म्हणाल्या. "खापरावरचा करपून राह्यला."