कापलेली वेणी

तिने स्वतःची कापलेली वेणी पिशवीतून काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "आता तरी औषध लागू पडंल ना?"

शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते, टकलावर रुमाल बांधून.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या दोघींच्या छातीतली गाठ लवकर सापडली होती, सुपारीएवढी. ऑपरेशनही एकाच आठवड्यात झालं. मग दर तीन आठवड्यांनी नाशिकला तेच औषध दोघींच्या शिरेत सोडायचे. मी घरी जाऊन ओकायचे, केसही गेले. ती घोटीहून एस.टी.ने यायची आणि सलाईन संपलं की तिथंच भाकरी-ठेचा खायची. तिच्याबरोबर कधी कुणी नसे. माझ्याबरोबरही नसे.

दर खेपेला ती वेणी ओढून बघायची. "अक्का, औषध तुझ्यावर राजी हाय. माझा एक केस नाय गेला."

"मग देऊ का माझं ओकणं तुला?" मी म्हणायचे.

"दे," ती म्हणायची. हसायची नाही.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, केस गेले म्हणजेच गुण येतो असं नाही. हे औषध काहींना वाचवतं, काहींना नाही. कुणाला, ते आधी कळत नाही."

तिने वेणी उचलून परत पिशवीत ठेवली आणि हात सुईसाठी पुढे केला.

दोन वर्षांनी दुखणं तिच्या हाडांत उतरलं आणि ती गेली. मला नर्सने सांगितलं. मी जगले.