नकाशात नसलेली विहीर

स्वतः आखलेल्या वस्तीत स्वतःचंच घर चुकलेला ओव्हरसियर अख्ख्या हिंगोलीत मी एकटाच.

निजामाचं राज्य होतं. गावातल्या खात्यापित्या मंडळींनी गावाबाहेर दक्षिणेला जागा घेतली आणि मला म्हणाले, "साहेब, झकास वस्ती आखून द्या." दिली! सरळसोट रस्ता, एका ओळीत दहा बंगले, दहाही कौलांपासून कडीकोयंड्यापर्यंत एकसारखे. "कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही!" असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो.

आता पाप कबूल करतो. ओळीच्या पार दक्षिण टोकाला, झुडपांत एक जुनी विहीर होती. पाणी गोड, उन्हाळ्यातही न आटणारं. ती मी नकाशात दाखवलीच नाही! वर सगळ्यांसमोर म्हणालो, "गावापासून लांबचं ते शेवटचं घर कुणाला नको असेल, तर राहू द्या मला." लोकांनी माझ्या त्यागाचं कौतुक केलं. मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. गुपित फक्त बायकोला ठाऊक. तिनं तर रहाट कुठे बसवायचा तेही ठरवून टाकलं होतं.

गृहप्रवेशाचा मुहूर्त निघाला गुरुवारी पहाटे.

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ!" आई कडाडली. "म्या न्हाई येनार."

"अगं, वस्तीच दक्षिणेला आहे. ती कुठं हलवू?"

"वळसा घाल. खालून वर, उत्तरेकडं तोंड करून जाऊ."

(वळसा घालतानाही दक्षिणेलाच जावं लागतं, हे आईला सांगायची माझी काय बिशाद!)

घातला वळसा. दाट धुकं, बैलगाडीचे धक्के, मुहूर्त टळत आलेला. डोक्यावर देवांची पेटी घेऊन मी पुढे. रोज गावाकडून येताना ओळीतलं शेवटचं घर ते माझं, म्हणून आजही तडक शेवटचं घर गाठलं. आज आपण उलट्या बाजूनं आलोय, हे नकाशा काढणाऱ्याच्याच डोक्यात आलं नाही! कुलपं अजून कुणीच लावली नव्हती. आईनं शेगडी पेटवून दूध ठेवलं. ते अगदी पूर्वेला उतू गेलं. गावातलं घर सोडायला सहा महिने नाही म्हणणारी माझी आई डोळे पुसत हसली. मलाही गहिवरून आलं.

एवढ्यात दारात करीमभाई कापडवाले! मागे सामानानं भरलेला छकडा.

"साब, माझ्या घरात तुमी काय करून राहिले?"

मी बाहेर धावलो. धुकं विरलं होतं आणि समोर गाव दिसत होतं. म्हणजे हे उत्तरेचं टोक! बायको मागचं अंगण बघून आली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"आई, आवर लवकर. आपलं घर त्या टोकाला आहे."

"काहून? दूध हितं उतू गेलं, लक्ष्मी हितं आली. आता म्या हलायची न्हाई!"

करीमभाई पडले भले गृहस्थ. "अम्मा बराबर बोलून राहिल्या. घरं सारी एकसारखीच, साबच तर सांगत व्हते! तुमी हितं ऱ्हावा, मी तिकडं जातो. काई तकलीफ न्हाई!"

"अहो, पण..."

"पण काय, साब?"

पण काय! सांगणार काय, कपाळ? "पण ते एका टोकाला पडतं हो," मी कसाबसा म्हणालो.

"हे बी टोकालाच हाय की!" आई म्हणाली आणि देव मांडायला बसली.

आठवड्यानं करीमभाई मिठाई घेऊन हजर. "साब, कमाल झाली! मागं झुडपांत विहीर निघाली. नकाशात न्हाई. तुमच्या नजरेतून सुटली वाटतं?"

"सुटली," मी म्हणालो.

"मंग तेवढी काढून द्या. खाली सही बी करा."

नकाशा पसरून मी त्यावरच्या त्यांच्या अंगणात विहीर काढायला बसलो. उभा जन्म रेघा मारण्यात गेला, पण ते एवढंसं वर्तुळ काही गोल येईना! बायको हळूच मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "पाणी गोड हाय, ते बी लिवा."

मी तेही लिहून दिलं.