इको तोडणारा डबा

आमच्या ह्यांना गिटारवाला म्हटलेलं खपत न्हाई. "गिटार वाजवतो म्हणावं. वाला काय म्हणतीस, मी काय भंगारवाला हाय का?" असं लगेच अंगावर येतात. आता लातुरात कुणाला सांगावं की नवरा गिटार वाजवतो, तर समोरची बाई इचारतेच, "हाव का! अन् कामाला कुठं हायेत?" मी पण मग ठसक्यात सांगते, "तेच काम हाय, बाई." अन् घरी येऊन यांच्यावर चिडते. राग कुठंतरी काढावाच लागतो ना.

नाव व्यंकट. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अलीकडचं. भूकंप झाला तवा हे एकोणीस वर्षांचे होते. गणपती बुडवून गाव गाढ झोपलं होतं. दगडामातीचं घर, दोन-दोन हात रुंद भिंती, ते सगळं अंगावर आलं. हे अन् यांची आई एकाच खोलीत गाडले गेले, मधी आडवी पडलेली तुळई. दिसत काहीच नव्हतं. आई हाक मारायची, "व्यंकू, हायस का रं?" हे म्हणायचे, "हाव आई, हाय." पुन्हा हाक, पुन्हा हाव. उजाडलं, वरून माणसांचा गलका ऐकू यायला लागला, तरी दोघांचं चालूच. अन् एकदा हाक आली, "व्यंकू, हा..." आणि तिथंच थांबली. बारीक झाली न्हाई, हळू झाली न्हाई, तुटली. हे उरलेला शब्द यायची वाट बघत पडून राहिले. दुपारी लोकांनी दगड उपसून यांना काढलं. तुळईनं कमरेत जे दुखणं दिलं ते जन्माचं लागलं. आईला संध्याकाळी काढलं.

हे सगळं यांनी मला लग्नाला दोन वर्षं झाल्यावर सांगितलं, अन् तेही एकदाच. पुन्हा विषय काढला की उठून बाहेर जातात. पण त्यामुळं मला एक गोष्ट उमगली. यांना गिटारला एवढा इको का लागतो ते. तारेवरचं बोट उचललं तरी सूर लांब लांब जात, हळूच विरला पाहिजे. कुणी "व्यंकटराव, इको जरा जास्त होतोय" म्हटलं की यांचा चेहरा पडायचा. मी मनात म्हणायची, बाबा रे, तुझं काय जातंय? असू दे की.

भूकंपानंतर मामांनी यांना लातूरला आणलं. रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, तिथंच एक मोडकी गिटार हाती आली अन् आपल्या आपण शिकले. मग श्रीनाथरावांच्या ऑर्केस्ट्रात गेले. गणपती, देवी, लग्नं, जळकोटापासून उमरीपर्यंत कार्यक्रम असायचे. उमरी माझं माहेर. तिथल्या देवीपुढं वाजवत होते तवाच माझ्या वडिलांनी यांना हेरलं, अन् भोगतेय मी! यांचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, ही धान्याच्या कोठीएवढी पेटी. कमरेमुळं यांना उचलवत नव्हती. मग एक कडी मी धरायची, एक जो मिळेल तो. आमच्या संसाराची वीस-एक वर्षं मी ती पेटी टेम्पोत चढवली अन् उतरवली. माझ्याएवढे स्टेज लातूर जिल्ह्यात दुसऱ्या बाईनं बघितले नसतील.

पुढं लातूरचं रूपच पालटलं. गल्लोगल्ली क्लास, घरावर मजले चढवून होस्टेल, खाली मेस, वर अभ्यासिका. भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो अन् मार्क. आमच्या गल्लीत तर गणपतीत स्पीकर लावला की होस्टेलवाला धावत यायचा, "ओ, पोरं अभ्यास करून राहिलेत, बंद करा!" मंडळांनी एकेक करून ऑर्केस्ट्रा बंद केला. उरलं काय, तर क्लासवाल्यांचेच कार्यक्रम. निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार, त्यात हार-तुरे अन् वाजवणं. म्हणजे ज्यांनी आमचा आवाज बंद केला त्यांच्याच दारात वाजवायला जायचं. श्रीनाथरावांनी सात-आठ वाजवणारे होते त्यातले चार ठेवले. यांना बजावून सांगितलं, "व्यंकट, कीबोर्डमध्येही गिटारचा आवाज असतो बरं का. तुला ठेवलंय ते जुन्या ओळखीवर." हे काम गेलं की यांची गिटार कायमची खुंटीला लागणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पंचेचाळिशीत आलेल्या, कमरेनं अधू माणसाला दुसरं कोण उभं करणार होतं?

त्यात तो डबा आला. नांदेडच्या एका मोठ्या क्लासचा सत्कार सोहळा होता. तिथल्या सरांची अट अशी की स्टेजवर पेटी, वायरी, पसारा काही नको, मागं मोठा एलईडी पडदा हाय. श्रीनाथरावांनी मग एक प्रोसेसर आणला. दुकानदार त्याला मॉडेलर म्हणत होता, म्हणजे निरनिराळ्या अँपचे आवाज काढून दाखवणारा डबा. चपटा, पोळपाटाएवढा, पायानं बटणं दाबायची. "यात पन्नास अँप हायेत, वहिनी," श्रीनाथराव मला म्हणाले. "तुमची हमाली सुटली."

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? पण यांनी कानाला हेडफोन लावला, वाजवलं, अन् लगेच काढून ठेवला.

"काय झालं? आवाज वाईट हाय का?"

"अँपचा आवाज फस्क्लास हाय. आपल्या पेटीच्या तोंडात मारील असा. पण इको ऐक." हेडफोन माझ्या कानाला लावला. सूर गोड होता, पण त्याच्यामागं जे घुमत होतं ते रिकाम्या तेलाच्या डब्यात ओरडल्यावाणी. मग यांनी पायानं दुसरं बटण दाबलं. आवाज बदलला, अन् पहिल्याचा घुमणारा सूर तिथल्या तिथं कापला गेला. एकदम खामोश. मी यांच्याकडं बघितलं. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"कंपनीनं अँपवर जीव लावला अन् इको-बिको, इफेक्ट सगळे उरकून टाकलेत," हे हळूच बोलले. "बटण बदललं की मागचा सूर मारून टाकतो हा."

हे श्रीनाथरावांना सांगायला गेले. मी पण गेले, कारण यांना भांडता येत न्हाई. श्रीनाथराव हसले. "अरे, अँप महत्त्वाचा. इफेक्ट म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. हॉलमध्ये हजार माणसं गोंधळ घालणार, तुझा इको ऐकायला कोण बसलंय?"

"कोथिंबीर न्हाई हो, मीठ हाय ते," मी म्हटलं. "वेगळं इकोचं मशीन जोडू द्या की."

"वहिनी, पुन्हा वायरी? सर हाकलून देतील मला." अन् मग यांच्याकडं वळून, "जमत नसंल तर तसं सांग."

जमतं म्हणून सांगावंच लागलं.

नांदेडला आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. विष्णुपुरीच्या रस्त्याला हॉल होता. कार्यक्रम कसा चालणार ते तिथं कळलं. त्याच क्लासचा मुकुल नावाचा पोरगा परीक्षेच्या आधी होस्टेलात जीव देऊन गेला होता. क्लासनं सगळीकडं आजार सांगितला. त्याची आई, सौदामिनीबाई, नांदेडातच शाळेत शिक्षिका, पण घर जवळ असलं तरी पोरानं होस्टेलातच राहायचं असा क्लासचा नियम. तिनं हट्टच धरला की सगळ्या पोरांच्या सत्कारात माझ्या लेकराचं पण नाव घ्या. न्हाई म्हटलं तर चारचौघांत खरं काय ते बोलेल, म्हणून सरांनी एक मिनिट दिलं होतं. पडद्यावर फोटो, फक्त गिटार. मिनिट झालं की लगेच पडद्यावर पहिला आलेला पोरगा, झगमगाट अन् जोरात म्युझिक. म्हणजे यांनी दुःखाचा सूर वाजवायचा अन् त्याच दमात पायानं बटण दाबून आनंदाचा.

हे ऐकल्यावर यांचं जेवण सुटलं. "शिवकन्या, त्या बाईसमोर मी सूर कसा तोडू?" एवढंच म्हणत राहिले. मग मीच संगप्पाकडं गेले, तो हॉलच्या साऊंडच्या मिक्सरवर बसायचा. देगलूरचा संगप्पा आमचा जुना माणूस. म्हटलं, "भाऊ, यांच्या डब्यातला इको आम्ही बंद ठेवतो. तुझ्या मिक्सरमधून देशील का?" त्यानं करून दाखवलं. अन् काय सांगू! यांनी बटण दाबलं तरी मागचा सूर हॉलभर घुमत घुमत गेला, नवीन आवाजाच्या खालून, आपल्या वेळेनं विरला. हे चक्क हसले. पोटभर जेवले पण.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. मी संगप्पाशेजारी बसले होते. पुढच्या रांगेत सौदामिनीबाई, अंगावर साधी सुती साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. दिवे मंद झाले, पडद्यावर मुकुलचा फोटो आला. चष्मा, कपाळावर केस, हसरं लेकरू. यांनी सुरुवात केली. मी यांना हजारदा ऐकलं असेल, पण असं कधी ऐकलं न्हाई. एकेक सूर सोडायचे, तो जाऊ द्यायचे, मग दुसरा. हजार माणसांत खोकल्याचा पण आवाज नव्हता. कोण म्हणतं इको कुणी ऐकत न्हाई?

तेवढ्यात सौदामिनीबाई उठल्या. "मुकुल!" अशी मोठ्यानं हाक मारली त्यांनी. पुन्हा एकदा मारली. हॉलमधी कुजबुज सुरू झाली, मागच्या रांगांतले आईबाप माना उंच करून बघायला लागले. सर मिक्सरच्या मागंच उभे होते. ते घाबरले. त्यांनी संगप्पाच्या खांद्यावर हात मारला, "काट! काट ते! पुढचं घे!" संगप्पा बिचारा पोटासाठी बसलेला माणूस. त्यानं गिटारचं बटण खाली ओढलं.

सूर अर्ध्यात तुटला. यांचा हात तारांवर होता, बोटं हलत होती, अन् हॉलमधी काहीच नव्हतं. मग धडाड करून म्युझिक सुरू झालं, पडदा सोनेरी झाला, पहिल्या नंबरच्या पोराचा फोटो आला, टाळ्या पडल्या. क्लासच्या दोन बायांनी सौदामिनीबाईंना दोन्हीकडून दंडाला धरलं, "चला मॅडम, जरा पाणी घ्या," म्हणत मागच्या दारानं बाहेर नेलं. मला असा संताप आला की त्या सरांच्या पुढ्यात जाऊन थुंकावं.

हे स्टेजवर तसेच उभे होते. वाजवतच नव्हते. अन् खरं सांगू, कुणाच्या लक्षातही आलं न्हाई की गिटार बंद हाय. कीबोर्डवर सगळं भरून निघत होतं. फक्त श्रीनाथरावांच्या लक्षात आलं. ते कीबोर्ड वाजवता वाजवता ओठ आवळून खुणा करून राहिले. यांनी डब्यातली वायर उपसली, गिटार तशीच गळ्यात ठेवून पायऱ्या उतरायला लागले. मी धावत स्टेजच्या कडेला गेले. श्रीनाथराव वाकून बोलले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "व्यंकट, आत्ता खाली उतरलास तर माझ्या स्टेजवर परत चढायचं न्हाई."

यांनी ऐकलं. मला म्हणायचं होतं, आव, थांबा, पोटाचं बघा. पण मी बाजूला सरून वाट दिली. हे एक हात कमरेवर ठेवून एकेक पायरी उतरले.

मागच्या दाराबाहेर जनरेटर धडधडत होता. त्याच्या पलीकडं पायरीवर सौदामिनीबाई एकट्याच बसल्या होत्या. पाण्याची बाटली बाजूला, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. बरोबरच्या बाया आत सत्कार बघायला परतल्या होत्या. बाईंनी मान वर करून आधी गिटारकडं बघितलं, मग यांच्याकडं.

"तुम्ही वाजवत होतात ना?" त्या म्हणाल्या. "एवढंच होतं का ते?"

"न्हाई बाई," हे म्हणाले. "अजून होतं. मधीच तोडलं त्यांनी."

"मग पुरं करा ना."

ना अँप, ना डबा, ना वीज. असली गिटार वायरीशिवाय वाजवली तर नुसती तार हलल्याचं कळतं, अन् त्यात जनरेटर. हे बाईंच्या शेजारी पायरीवर टेकले अन् जिथं तुटलं होतं तिथून सुरू केलं. मी तीन हातांवर उभी, मला काही म्हणता काही ऐकू येईना. बाईंनाही आलं नसावं. त्या जवळ सरकल्या, खाली वाकल्या, अन् गिटारच्या लाकडाला कान लावला. यांनी शेवटचा सूर धरला अन् बोट उचललं न्हाई, तार आपली आपण थांबेपर्यंत. तार थांबली. बाईंनी कान काढला न्हाई, अन् ह्यांनी हात हलवला न्हाई.