दोन कोंबड्यांच्या तीन तंगड्या

लग्न होऊन साताऱ्याहून मी सांगलीकडच्या या गावात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, आणि सत्तावीस वर्षांत या घरात मला कोंबडीची तंगडी मिळालेली नव्हती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कुणाचं काशीला जायचं राहतं, कुणाचं विमानात बसायचं राहतं. माझी तंगडी राहिली होती.

घर काही दरिद्री नाही. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, रविवारी मागल्या दारच्या चुलीवर कोंबडी नाहीतर मटण असतंच. पण पळी सासूबाईंच्या हातात. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात मोजून सात, पण पळी कुणाला देतील तर शपथ. त्या पळी पातेल्यात घालतात, न बघता, आणि ज्याला जे मिळायचं तेच वर येतं. दाजी आले असतील तर पहिल्या दोन तंगड्या दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे मालक, पाटणकडचे, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. जावईच ते, त्यांचा मान. तिसरी तंगडी माझ्या नवऱ्याला; दाजी नसले की एकाच कोंबडीच्या दोन्ही त्यालाच. छातीच्या फोडी नणंदेला आणि माझ्या लेकीला. सगळे उठले की मला मान, पाठ आणि वर काठोकाठ रस्सा.

आता बघा. दाजी येणार म्हणजे कोंबड्या दोन. धुऊन पातेल्यात मीच टाकते, तंगड्या चार. ताटात येतात तीन. मी बारावी झालेली बाई आहे, चारपर्यंत मोजता येतं मला. नवी असताना एकदा धीर करून विचारलं, "आत्या, एक तंगडी कमी दिसती." आत्या म्हणाल्या, "गळाली. शिजून गळाली." तो गावरान कोंबडा होता. दोन तास चुलीवर रटरटला तरी दाजींना दाताखाली धरून ओढावा लागला. आणि म्हणे गळाली! पण नव्या सुनेनं किती बोलायचं?

संशय मात्र मी मनात पक्का धरला, तो नणंदेवर. आईच ती, लेकीच्या भाताखाली दडवत असणार. सत्तावीस वर्षं मी वन्संच्या ताटातल्या भाताकडं पोलिसासारखी बघत आले. रस्सा नावाची चीज अशी आहे की तिच्याखाली काय चाललंय ते देवालाही दिसत नाही.

आत्यांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. मामंजी मी यायच्या आधीच गेले. तेव्हापासून आत्यांनी फोड तोंडात घातलेली नाही, नुसता रस्सा आणि भाकरी, हे गावभर माहीत. बायका आपापल्या सासवांना सुनावतात, "त्या बघा, कसा संयम." कोंबडी शिजत आली की आत्या एकच गोष्ट स्वतः करायच्या. मीठ बघायच्या. त्या वेळी चुलीपाशी कुणी थांबायचं नाही. "मीठ मी बगते. व्हा भाईर, नजर लागती." आम्ही बाहेर.

गेल्या आखाडात, श्रावण आठवड्यावर आला होता तेव्हा, पुण्याला नोकरी करणारी माझी लेक आली. दाजी आणि वन्संही यायचे होते. लेकीनं जाहीर केलं, या रविवारी पेरू देशातलं चिकन. पेरू म्हणजे देश, झाडावरचा नव्हे, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, कारण फालतू कोट्या करायला आमच्या घरात कुणाला निमित्त लागत नाही.

"आई, यात कोंबडी तोडायची नाही," लेक म्हणाली. "अख्खी भाजायची. सोबत भात आणि हिरवा सॉस. रस्सा नसतो."

मी कान टवकारले. "अख्खी? म्हणजे तंगड्या?"

"अंगालाच असतात की. मधे ठेवायची आणि ज्याला पाहिजे ते ज्यानं त्यानं हातानं घ्यायचं."

त्या लांबच्या देशाला मी तिथंच मनातल्या मनात हात जोडले. रस्सा नाही, पळी नाही, चारही तंगड्या उघड्यावर! ठरवून टाकलं, या खेपेला पंगतीत बसायचं आणि हात घालायचा. मग नवरा डोळे वटारू दे, नाहीतर दाजी उपाशी उठू देत.

आत्यांना हे कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "रस्सा न्हाई?"

"नाही, आज्जी."

"मग मीठ कशाचं बगायचं?"

मला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय.

शनिवारी लेकीनं दोन कोंबड्यांना लसूण, जिरं, मिरी, लिंबू आणि सोया सॉस चोळला. सोया सॉस स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाड्यावरून आणला. त्या देशातली मिरची सांगलीत मिळेना, तर ब्याडगी वाटून लावली. रविवारी सकाळी ओव्हन सुरू केला, कोंबड्या आत ठेवल्या आणि लाईट गेली. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "झाड पडलंय वैनी, संध्याकाळ हुईल."

लेक रडकुंडीला आली. पण दाजी आले होते ना! फौजी माणसाला अडचण आली की उकळ्या फुटतात. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रडू नगंस. त्येलाचा रिकामा डबा आन, पंधरा किलोचा."

मग गोठ्याच्या पत्र्याखाली कारवाई सुरू झाली. दाजींनी दोन स्टीलचे पेले पालथे मांडले, त्यांवर दोन्ही कोंबड्या सरळ बसवल्या आणि वरून डबा झाकला. डब्यावर, बाजूला, सगळीकडं शेणी रचून पेटवल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमी उत्तरेकडनं बगा, मी दक्षिण सांभाळतो." आणि हा माणूस, जो घरात पाण्याचा तांब्या भरून घेत नाही, तो दीड तास एका डब्याच्या उत्तरेला उकिडवा बसून राहिला. म्हशी माना वळवून दोघांकडं बघत होत्या. शेजारचे दोघेतिघे येऊन गेले. एकानं विचारलं, "काय बॉम्ब हाय व्हय?" दाजी म्हणाले, "मागं सरा."

आम्ही सगळे गोठ्यात आणि स्वयंपाकघरात आत्या एकट्या. तिथं लेकीनं वाटून ठेवलेला हिरवा सॉस होता. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, लिंबू आणि त्यात घातलेलं मेयोनेज, असा वाटीभर ऐवज. आत्यांनी तो चाखला. कच्चा! घरात जावई आणि कच्चं वाटण? आणि तेही वाटीभर? त्यांनी तेल तापवलं, जिरं-लसणाची फोडणी केली, त्यात सॉस ओतला, मूठभर खोबरं वाटून लावलं, दोन तांबे पाणी घातलं आणि खळाळून उकळी आणली.

लेकीनं आत येऊन पातेल्यात बघितलं आणि मटकन खालीच बसली. "आज्जी! मेयोनेजला फोडणी दिलीस?"

"काय की बाई, फुटलं हुतं जरा. खोबऱ्यानं सावरलं," आत्या म्हणाल्या. "हिरवा रस्सा. मीठ बगितलंय."

पंगत बसली. मधे परात, परातीत दोन कोंबड्या, अजून पेल्यांवरच बसलेल्या, तांबूसकाळ्या, आमच्यासारख्याच जेवायला बसल्यागत. चार तंगड्या पुढं पसरलेल्या. मी नवऱ्याशेजारी पान मांडून घेतलं. त्यानं चमकून बघितलं. म्हटलं बघ, आज बघच.

आणि कुणी हातच लावेना. कारण मान हा वाढून घ्यायचा असतो, आपल्या हातानं तोडून कसा घेणार? सीमेवर उभं आयुष्य काढलेले दाजी, पण सासुरवाडीत सगळ्यांदेखत तंगडीला हात घालायचं धाडस त्यांना होईना. "घ्या की दाजी." "न्हाई न्हाई, तुमी घ्या." "आवं, आदी तुमी." भात निवत चालला. आत्या पळीनं हिरवा रस्सा वाढत फिरत होत्या. माझा हात गुडघ्यावरून निघाला होता, खरंच निघाला होता, तेवढ्यात नवऱ्यानं परातीकडं बोट केलं.

"एक, दोन, तीन, चार. च्यायला, चार हायत की!"

"दोन कोंबड्यांना चारच असत्यात," लेक म्हणाली.

"मग आपल्यात कवाबी तीनच कशा असत्यात?"

दाजी विचारात पडले. "व्हय की. मला दोन, तुमाला एक. मग?"

"आई," वन्सं म्हणाल्या, "चौथी कुठं जाती गं?"

वन्संचा आवाज इतका खरा होता की सत्तावीस वर्षांचा माझा संशय तिथंच उताणा पडला. मी वळून बघितलं. आत्यांची पळी हवेत थांबली होती आणि तिच्यातून रस्सा जमिनीवर ठिबकत होता. चेहरा पांढराफटक. शाळेत शेजारणीची पेन्सिल दप्तरात सापडलेल्या पोरीचा होतो, तसा. मीठ मी बगते. व्हा भाईर. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं. गावभर ज्या संयमाचे गोडवे गायले जातात, ज्या संयमापायी मलाही "आत्यांकडं बघ जरा" म्हणून ऐकवलं जायचं, तो संयम चुलीपाशी बसून तंगडी चोखत होता! एक शब्द बोलायची खोटी होती. आणि सगळे आत्यांकडं बघत होते, जावईसुद्धा.

"मी खात हुते," मी म्हणाले.

हे माझ्याच तोंडातून निघालं यावर माझाच विश्वास बसेना. अख्खी पंगत माझ्याकडं वळली.

"तू?" नवरा म्हणाला.

"व्हय, मी. पातेलं उतरवताना. दर खेपेला. मग? काय म्हननं हाय?"

दाजी असे हसले की ठसका लागला. वन्सं पदरात तोंड घालून हसायला लागल्या. नवरा म्हणाला, "सत्तावीस वर्षं! आणि मान खाते, पाठ खाते म्हणून माझ्यावरच फुगायची!" लेक माझ्याकडं अशा कौतुकानं बघत होती की जन्मात कधी बघितलं नव्हतं. दाजींनी परातीतली एक तंगडी कडकन मोडली आणि माझ्या ताटात ठेवली. "घ्या वैनी. आज चोरून नगं. पंगतीत बसून खावा."

मिळाली. सगळ्यांसमोर, जावयाच्या हातानं, मानानं मिळाली, आणि मिळाली ती चोर म्हणून. कधी न खाल्लेल्या तंगड्यांची चोर! घास घेतला तर कोरडी ठाक. उत्तरेकडून विस्तव जास्त झाला होता. तरी खाल्ली, हाडापर्यंत खाल्ली. सोडतेय होय!

दुसरा घास घेते तोच आत्या माझ्या पानापाशी आल्या. पळीभर हिरवा रस्सा तंगडीवर ओतला, मग आणखी पळीभर, तंगडी दिसेनाशी होईपर्यंत. आणि खरं सांगते, त्या फुटक्या मेयोनेजच्या रश्श्यासकट ती इतकी गोड लागली! दाजींनी रस्सा तीन वाट्या प्यायला आणि पेरू देशाला सलाम ठोकला.

संध्याकाळी मागल्या दारी भांडी घासताना मी म्हणाले, "आत्या, सत्तावीस वर्षं?"

आत्या राख उकरत बसल्या. उकरता उकरताच म्हणाल्या, "ती तेंच्या वाटची असायची. तुज्या मामंजींची. तेंच्या नावानं खायाची मी."

"आत्या, मला गंडवू नका."

मग खाली बघूनच म्हणाल्या, "मला लय आवडती गं. पयल्यापासनं. ते गेल्यावर बायका म्हनाल्या, आता हिला काय फोडी ग्वाड लागायच्या? मी बी म्हनलं, न्हाई लागत. एकदा म्हनून बसलं की मग..." त्यांनी राखेत बोट फिरवलं. "तुला एक द्यायला पायजे हुती. पर दिली असती तर तू इचारलं असतंस, आजवरच्या कुटं गेल्या."

मी कढई जरा जास्तच जोरात घासली.

मग श्रावण, मग गणपती. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा दाजी आले, पुन्हा दोन कोंबड्या, पण या वेळी आपला नेहमीचा लाल रस्सा. शिजत आल्यावर आत्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मीही उठले.

"तू कुटं निगालीस?" आत्या म्हणाल्या. त्यांनी दार लोटलं, पळी पातेल्यात घातली, न बघता, आणि तंगडी वाटीत काढली. तिचे हातानं दोन भाग केले. मांसाची बाजू माझ्यापुढं केली. "मीठ बग गं जरा."

आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच मीठ बघितलं. ओठ पोळले, तरी थांबलो नाही.

मग पंगत बसली. दोन दाजींना, एक नवऱ्याला. नवऱ्यानं ताटातून मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि मिश्कील हसत विचारलं, "आणि चौथी?"

आत्यांनी पळी पातेल्यात घातली आणि मान खाली घातली.

"गळाली," मी म्हणाले.