घसरलेला आकडा

कॉम्प्युटरच्या म्हणे शेकडो भाषा आहेत. आमच्या लेकीने त्यांतली एकच धरली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती शिकवली, बाकीची मुलं परीक्षेपुरती शिकून विसरली, ही तिथेच रमली. आता चाळिशी आली. मैत्रिणी नवनव्या भाषा शिकून साहेबीणबाई झाल्या. ही ती एकच घेऊन लिफ्टच्या कंपनीत बसलीय. बटण दाबल्यावर लिफ्टने कुठे थांबायचं, हे ती त्या भाषेत लिहिते.

"एवढं आहे तरी काय गं तिच्यात?" मी एकदा विचारलं.

"आई, तिला मुळात फार थोडे शब्द येतात. बाकीचे आपण घडवायचे."

तिने घडवलेल्या शब्दांत एक 'आई' नावाचाही आहे. सगळं नीट चाललंय ना, हे तो सारखं तपासत राहतो, आणि काही बिघडलेलं नसलं तरी थांबत नाही. मी हसले नाही.

घरी आली की त्याच भाषेत तिचं संगीत चालतं. म्हणजे ती आकडे लिहिते आणि स्पीकरमधून पियानो वाजतो. आता आमच्या ह्यांचा जन्म गेला लोकांचे पियानो सुरात लावून देण्यात. लेकीची रचना ऐकायला बसले की दोन मिनिटांत उठायचे. "अगदी बरोबर आहे," जाता जाता म्हणायचे, "म्हणूनच ऐकवत नाही." ती चिडायची नाही. पुन्हा आकडे घेऊन बसायची.

गेल्या महिन्यात कंपनीने सांगितलं, नवी भाषा शिकून नव्या विभागात या, पगार वाढेल. नाहीतर जुन्या लिफ्टांची देखभाल करा, आणि त्या संपल्या की तुमचं कामही संपलं. सोमवारपर्यंत कळवा. मी हात धुऊन तिच्या मागे लागले. शेवटी ती वैतागली.

"पैज लाव. रविवारी बाबांना नवी रचना ऐकवते. मध्येच उठले, तर जाते नव्या विभागात. इतक्या वर्षांत मला बाबांना बसवता आलं नसेल, तर ही भाषा सोडलेलीच बरी. पण शेवटपर्यंत बसले, तर हा विषय बंद. आणि त्यांना यातलं काही सांगायचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. ह्यांच्या उठण्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

रविवारी दुपारी हे खुर्चीत बसले. रचना सुरू झाली. दोन मिनिटं झाली, चहा गार झाला, हे हलेनात. या वेळी तिने म्हणे प्रत्येक सुराला खऱ्या पियानोसारख्या तीन-तीन तारा दिल्या होत्या, आणि वरचे सूर हे ठेवतात तसे केसभर चढे ठेवले होते. मला त्यातलं काय कळणार? मला एवढंच दिसलं की ह्यांनी डोळे मिटलेत. पैज गेली, मी मनात म्हटलं.

आणि हे उठले. तडक आतल्या खोलीत गेले.

लेकीचा चेहरा एवढासा झाला. पैज मी जिंकले होते, पण तिच्याकडे बघवेना. ती रचना बंद करणार, तोच हे परत आले, हातात अवजारांची पिशवी. तारा पिळायची चावी काढून स्पीकरसमोर उभे राहिले.

"मधली तार घसरलीय."

"बाबा, तार नाहीये ती. आकडा आहे."

"मग आकडा घसरलाय. चढव."

तिने वाजता वाजताच तो बदलला.

"अजून थोडा. अगं, इतका नाही! उतरव. हां, आला. आता हात लावू नकोस."

चावी मुठीत धरून, तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत ह्यांनी शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकलं. मग, "खालचे सूर उद्या बघू," म्हणाले आणि चहा गरम करून मागितला.

लेक माझ्याकडे वळली. खोटेपणा तिला जमत नाही. "आई, उठले गं ते."

"कोण उठलं?" हे म्हणाले.

वाढीव पगार माझ्या डोळ्यांपुढून हळूच निघून गेला.

"अवजार आणायला उठलेलं धरत नाहीत," मी म्हणाले.

सोमवारी तिने कंपनीला 'नाही' म्हणून कळवलं. विषय बंद ठरलाय, म्हणून मी फक्त एवढंच विचारलं, की जुन्या लिफ्टा साधारण किती वर्षं टिकतात?

"तू जिन्याने जात जा," ती म्हणाली, "म्हणजे कमी झिजतील."

थट्टाच केली तिने. गुडघे कुरकुरतात, पण मी आपली जिन्याने जाते.