जावयाचं नाव

“तुझ्या तोंडानं माझ्या लेकीचं घर मोडू नको, लई झालं तुझं!” धुरपताबाईंनी पिठाची परात बाजूला सारली.

“लेकीचं घर? मग माझं काय धर्मशाळा हाय, आत्याबाई?” सून महामाया चुलीपुढून हलली नाही.

नागसेन, तिचा नवरा, दारात उभा होता. “तेवढं एकच म्हण कोर्टात, मर्जीनं राहिलो होतो म्हण. दाजींनी कामाला नेलं, दुसरं काय केलं?”

“तुम्हाला मारलं. विसरलाव का?”

तो दारातच खाली बसला.

महामाया चाकूरकडची, दहावी झालेली. कंधार तालुक्यातल्या या घरात ती आली तेव्हाच तिला बजावलं गेलं होतं की नणंदेचा नवरा आनंदराज आला की त्याच्यापुढं खाटेवर बसायचं नाही, त्याला उलट बोलायचं नाही. हाच जावई वीटभट्ट्यांना माणसं पुरवायचा. मागच्या हिवाळ्यात त्यानं या दोघांना उदगीरकडच्या एका भट्टीवर नेलं. गेल्या गेल्या मोबाइल काढून घेतले आणि त्यांच्या छोट्या लेकीला, लुंबिनीला, मालकाच्या घरात ठेवलं. पोरगी सावलीत राहील, म्हणाला. पोरगी आत असली की आईबाप पळून जात नाहीत, हे त्यांना मागून कळलं.

एकदा पोलिसांना घेऊन सरकारी पथक आलं. साहेबांनी सगळ्यांना एका जागी उभं केलं, आनंदराजलाही, आणि विचारलं, “तुम्हाला कुणी अडकवून ठेवलंय का?” जावई समोर उभा! पोलिसांदेखत त्याचं नाव कसं घ्यायचं? नागसेननं हात जोडले. “न्हाई साहेब, पाव्हण्याकडं आलाव आम्ही.” साहेबांनाही एवढंच ऐकायची घाई होती. जीप वळली. पथकाला कुणी बोलावलं म्हणून त्याच संध्याकाळी आनंदराजनं नागसेनला पट्ट्यानं फोडून काढलं.

पुढच्या पथकात एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी बायकांना वेगळं हौदाकडं नेलं. महामायानं आधी मालकाच्या घराकडं बोट दाखवलं, मग सगळं सांगितलं. सगळे सुटले, आनंदराजवर खटला भरला गेला. तो जामिनावर बाहेर होता आणि उद्या तिची साक्ष होती.

“ऐक की गं,” धुरपताबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “जावई मनानं वाईट न्हाईत. लुंबिनीला आमच्याकडं पाठवा म्हणून राहिलेत. शाळेत घालतो म्हणले, लेकीसारखी ठेवतो.”

महामाया ताडकन उठली. “कधी म्हणले?”

“परवा. फोनवर.”

“आणि तुम्ही?” तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“हाव म्हणलो.”

“हाव म्हणलाव! म्हणजे पोरगी पुन्हा त्याच्या ताब्यात, अन् मी कोर्टात तोंड शिवून उभी. त्या दिवशी साहेबांपुढं तुमची जीभ उचलली न्हाई, ते मी पोटात घातलं. आज तर तुम्ही आपणहून पोर गहाण टाकायला निघालाव. लाज कशी वाटंना?”

“अगं, जावई हायत ते!” धुरपताबाई ओरडल्या.

“तुमचे असतील.”

अंगणात खेळणाऱ्या लुंबिनीला तिनं हाताला धरून आत आणलं आणि आपल्याजवळ उभं केलं.

“उद्या सकाळच्या गाडीनं मी उदगीरला चाललेय. लुंबिनी माझ्यासंगं येणार. कोर्टात मी आनंदराजचं नाव घेणार, त्यानं केलं ते सगळं सांगणार. पोरगी कुठंच जाणार न्हाई.”